थोडीशी शुगर

आधीच सांगून ठेवते, ही पोस्ट वाचून आमच्या घरातले दोन-तीन जण रागावणार आहेत. रागवा. गेले तीन आठवडे हे डोक्यात घोळतंय आणि इथे लिहिलं नाही तर पुढच्या कार्यात ते कुणाच्या तरी तोंडावर, चारचौघांत बोललं जाईल. त्यापेक्षा इथे बरं.

तर झालं असं. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक डोहाळजेवण होतं. (आमच्यात कुठलंही कार्य 'अगदी घरगुती' म्हणून ठरतं आणि दीडशे पानांवर जातं.) जिलबी वाढायला आली. माझ्या शेजारी एक काकू होत्या, त्यांनी पानावर आडवा हात धरला.

"नको रे, मला थोडीशी शुगर आहे."

"थोडीशीच ना? मग थोडीशी जिलबी घ्या!"

सगळे हसले. काकूही हसल्या. हात बाजूला झाला, दोन जिलब्या पानात पडल्या आणि "एक दिवसाने काही होत नाही" हे ठरलेलं वाक्यही झालं. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

त्याच वेळी समोरच्या ओळीत माझी मावशी बसली होती. पायात तिचे ते जाड तळाचे बंद बूट. आमच्यातल्याच एका मोठ्या बाईंनी तिला सगळ्यांदेखत म्हटलं, "अगं, पंगतीत तरी चपला काढून बस. शुभकार्य आहे."

मावशीने काही उत्तर दिलं नाही. पाय टेबलाखाली ओढून घेतले.

त्या उजव्या बुटात दोन बोटं नाहीत. हे त्या बाईंना माहीत आहे. पंगतीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. आणि तरीही एकाच पंगतीत, एकाच मिनिटाला, 'थोडीशी शुगर'वर विनोद होतो आणि तिच शुगर पुढे जिथे घेऊन जाते त्या पायांना चपला काढायला सांगितलं जातं. मला जिलबी गेली नाही. हे सगळं तिथून सुरू झालं.

मावशीला विचारून लिहितेय. "लिही, फक्त नाव घालू नकोस," म्हणाली.

मावशी कऱ्हाडची. शुगर निघाली तेव्हा ती पन्नाशीला आली होती. डॉक्टरांनी एक गोळी दिली, ती तिने वर्षभर घेतली. मग तपासली तर शुगर नॉर्मल. झालं! नॉर्मल आली म्हणजे गेली, असा सरळ हिशोब. त्यात कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांची सवय लागते, किडन्या जातात. गोळी बंद. सकाळी कारल्याचा रस सुरू. त्यानंतर पाच-सहा वर्षं कुणी विचारलं तर उत्तर एकच : "आहे थोडीशी, पण त्रास काही नाही."

२०१८ च्या नवरात्रात तिने दरवर्षीसारखे नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत केलं. सातव्या-आठव्या माळेला दुपारी ती सोप्यात पाय पसरून बसली होती आणि तिचा सहा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, तुझ्या पायात टाचणी आहे."

होती. पिवळ्या डोक्याची, कागद भिंतीला लावायची असते ती. पार आत गेलेली. किती दिवस होती ते कुणालाच कळलं नाही, कारण तिला ती टोचलीच नव्हती. काढली, हळद दाबली, वर फडकं बांधलं. दसरा झाला. पाय सुजला, तरी दुखत नव्हता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बोट काळं पडलं तेव्हा काकांनी तिला दवाखान्यात नेलं. एक बोट गेलं, मग शेजारचं दुसरं. पाऊल वाचलं ते नशीब.

मी भेटायला गेले तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "अगं, पण दुखत नव्हतं ना!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिची तक्रार रास्त होती. आयुष्यभर तिला हेच शिकवलं होतं, तुम्हाला-मला शिकवलंय तेच : दुखलं की डॉक्टर. दुखत नाही म्हणजे बरं आहे. ताप, पडसं, दातदुखी, पोटदुखी, सगळ्यांना हा नियम लागू पडतो. फक्त आज घराघरात जे आजार आहेत, मधुमेह आणि रक्तदाब, त्यांना तो लागू पडत नाही. आणि हे आम्ही अजून समजून घ्यायला तयार नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आता थोडं गणित. (कंटाळलात तरी हा भाग वाचा, बाकीची पोस्ट सोडलीत तरी चालेल.)

उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा जास्त असेल, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर तो मधुमेह. १०० ते १२५ ही त्याची आधीची पायरी. आता 'त्रास' कधी सुरू होतो? आपलं मूत्रपिंड रक्त गाळताना त्यातली साखर परत आत घेतं. साधारण १८० पर्यंत ते हे काम बिनतक्रार करतं. त्यापुढे त्याला ते झेपत नाही आणि साखर लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून रात्री तीनदा उठणं, म्हणून तहान. ज्याला आपण मधुमेहाची लक्षणं म्हणून शाळेत पाठ केलं, ती सगळी १८० च्या पलीकडची आहेत.

म्हणजे १२६ आणि १८० यांच्या मधे माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. मधुमेह आहे, त्रास नाही. घराला आग लागलीय पण धूर अजून खिडकीपर्यंत आलेला नाही, अशी ती अवस्था. आपण तिला काय नाव दिलंय? 'थोडीशी.'

आणि या 'थोडीशी'च्या काळात आत काहीच होत नसतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये १९७७ पासून मधुमेहाच्या ५,१०२ नव्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात असं दिसलं की निदान झालं त्याच दिवशी जवळजवळ निम्म्या लोकांच्या शरीरात, डोळ्यांत किंवा नसांत किंवा रक्तवाहिन्यांत, बिघाडाची काही ना काही खूण आधीच होती. आजच कळलं, पण आजच झालेलं नव्हतं. याच लोकांकडे दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, २००८ साली. सुरुवातीच्या काळात ज्यांची साखर नीट आटोक्यात ठेवली होती, त्यांना पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही फायदा मिळतच राहिला होता. म्हणजे उपचाराचं मोल सगळ्यात जास्त कधी? जेव्हा ती 'थोडीशी' असते तेव्हा! नेमक्या त्याच वर्षांत आपण कारल्याचा रस पीत बसतो.

आता दुसरा मुद्दा. "आम्हाला लक्षणं काहीच नाहीत" म्हणणाऱ्या आमच्या घरात लक्षणं नसतात असंही नाही. ती असतात, पण आपण त्यांना दुसरी नावं देऊन ठेवलेली असतात.

मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा येतो. आई त्याला मळ म्हणते आणि दर रविवारी डाळीच्या पिठाने घासते. मुलगी रडते, पट्टा जात नाही. जाणार कसा, तो बाहेरून आलेलाच नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की पुष्कळदा असा पट्टा येतो. खांदा आखडतो, पोलक्याचं मागचं हूक लावता येत नाही, तो 'वात'. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं हे कुणी सांगत नाही. हिरड्या सुजतात, ते 'वयाने'. गळू एक बरं होतं तोवर दुसरं येतं, ती 'उष्णता'. सहा महिन्यांत चष्म्याचा नंबर दोनदा बदलतो, तो 'कॉम्प्युटरमुळे'. वजन आपोआप उतरतं तेव्हा तर अभिनंदन होतं! आणि बायकांच्या नाजूक जागी सतत येणारी खाज, तिला तर नावच नाही, कारण ती बोलायचीच नसते.

पायाला मुंग्या येतात, त्याचं नाव 'अशक्तपणा'. यात मात्र एक गुंता आहे. मधुमेहाने नसा खराब झाल्या की मुंग्या येतात, आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी येतात. शाकाहारी लोकांत ते कमी असतंच आणि मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर आणखी कमी होऊ शकतं. म्हणून "बी-१२ कमी आहे" एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. दोन्ही तपासा. मुंग्या थांबल्या म्हणूनही खूश होऊ नका. कधी कधी त्या थांबतात, कारण कळवणारी नसच गेलेली असते. मावशीच्या मुंग्या त्या नवरात्राच्या दोन वर्षं आधी थांबल्या होत्या. "कारल्याचा गुण आला," असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं.

आम्ही सगळ्यांनी. मीही.

आता मला ठराविक उत्तरं मिळणार आहेत, ती आधीच घेते.

एक : "गोळीची सवय लागते." चष्म्याची सवय लागते का? चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं, कारण डोळा तोच आहे. गोळी घेऊन साखर नॉर्मल आली म्हणजे गोळी काम करतेय. ती नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करणं म्हणजे छत्रीत कोरडे आहोत म्हणून भर पावसात छत्री मिटणं.

दोन : "गोळ्यांनी किडन्या जातात." मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. ज्यांची किडनी आधीच अधू झालीय त्यांना ती गोळी कमी करतात किंवा बंद करतात. लोकांनी ते पाहिलं आणि उलटा अर्थ लावला. किडन्या निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक खुद्द मधुमेह आहे. ज्याच्या भीतीने गोळी सोडली तेच गोळी सोडल्याने ओढवतं.

तीन : "आमच्यात सगळे बारीक आहेत, आम्हाला कशी होईल?" याला तर घरचंच उत्तर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं यावर काम करताहेत. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी, हा आपला भारतीय साचा. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हे जन्मापासून दिसलं : आपली बाळं वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी. त्यामुळे 'बारीक' हे आपल्याकडे संरक्षण नाही. वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप खरं बोलतो. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे सावध. (जाऊन मोजा. मी थांबते.)

चार : "आम्ही साखर बंद केलीय, गूळ घालतो." गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, रंग वेगळा. मधही तेच. आणि 'शुगर-फ्री' बिस्किटात मैदा असतो, त्याचं पोटात गेल्यावर काय होतं? उपवासाचं तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा, वर रताळं. त्याला आपण 'आज काही खाल्लं नाही' म्हणतो. उलटा धोकाही सांगते : मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन कडक उपवास केला तर साखर ७० च्या खाली उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस विचित्र बोलायला लागतो. तेव्हा त्याला तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची असते, आणि आपण देतो कांदा हुंगायला! शुद्धच नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

पाच : "अमक्या काढ्याने मुळापासून बरा होतो." मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी कुठलाही पेपर उघडा. वजन बरंच उतरवलं तर काहींची साखर गोळ्यांशिवाय नॉर्मल राहते, हे खरं आहे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून-मापून कमी खायला दिल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांना वर्षभरात ते साधलं. पण ते निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे लोक होते, आणि त्यांची तपासणी पुढेही चालूच होती. पुडीने नाही, उपासमारीने नाही आणि न तपासता तर मुळीच नाही.

हे सगळं एखाद-दुसऱ्या घराचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले : देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी, त्याच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी, रक्तदाबवाले ३१.५ कोटी. एवढ्या लोकांत किती जण आपल्यासारखे 'थोडीशी'वाले असतील याचा विचार करा.

इथपर्यंत लिहून मी पोस्ट बंद करणार होते. पण मग हे नुसतं 'लोक किती अडाणी' असं झालं असतं, आणि ते खोटं आहे.

मावशी अडाणी नाही. तिने तीस वर्षं बँकेत नोकरी केली, दुसऱ्यांचे हिशोब पै-पैसा जुळवले. मग तिने 'थोडीशी' का म्हटलं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मोठी आहे म्हटलं असतं तर घरात कुणाला जड झालं असतं?"

विचार करा. तेव्हा तिच्या मुलीचं लग्न जमवायचं चाललं होतं. आईला शुगर आहे हे बाहेर गेलं तर 'घराण्यात आहे' म्हणणारे आपणच. पथ्य म्हणजे वेगळा स्वयंपाक, आणि तो करणार कोण? तीच. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं संपवणारी बाई, तिने आपल्यासाठी म्हणून वेगळी भाकरी आणि वाटीभर उसळ करून वेळेवर जेवायचं! संध्याकाळी पाऊण तास चालायला जायचं तर कुकर कोण लावणार? काकांना रक्तदाब निघाला तेव्हा आठवड्याच्या आत घरातलं लोणचं-पापड बंद झालं, सगळ्यांचं. मावशीला शुगर निघाली तेव्हा चहाचं एक वेगळं भांडं आलं. तेही तिनेच घासायचं.

म्हणजे 'थोडीशी' हा शब्द तिचा नव्हताच. तो घराने तिच्या तोंडात घातला होता. आजार घराला परवडेल एवढाच सांगायचा, असा तो अलिखित करार.

आणि डॉक्टर? सगळे नव्हेत, पण मावशीच्या त्या पाच-सहा वर्षांत तिने निरनिराळ्या कारणांनी तीन तरी दवाखान्यांच्या पायऱ्या चढल्या असतील. एकानेही तिला पाय दाखवायला सांगितलं नाही. एक साधा नायलॉनचा धागा असतो, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. तो तळपायाला टेकवून "कळतंय का?" विचारायचं. दोन मिनिटं लागतात, यंत्र नको, सुई नको. तो धागा कुणी तिच्या पायाला लावला असता तर टाचणीच्या कितीतरी आधी कळलं असतं. बाहेर तीस पेशंट बसलेले असतात हे मान्य. पण पाय दाखवा असं आपणही म्हणत नाही ना! चपला दाराबाहेर काढून आत जातो आणि पाय खुर्चीखाली लपवून बसतो.

आता माझं. हे लिहायचं नव्हतं खरं तर.

गेल्या वर्षी जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १३१ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.८. साडेसहाच्या पुढे मधुमेह. वरचं सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मावशीचं बोट मी ड्रेसिंग करताना पाहिलेलं आहे. आणि तरीही शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीने विचारल्यावर माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"काही नाही गं, बॉर्डरलाईनवर आहे थोडीशी."

आठ महिने. आठ महिने मी तो कागद कपाटात साड्यांखाली ठेवला. स्वतःला सांगितलं, माझं हिमोग्लोबिन कमी आहे, त्याने आकडा चुकतो. (लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते, हे खरं आहे. पण मग उपाशीपोटीच्या १३१ चं काय? त्याचा मी विचार केला नाही.) नवऱ्याला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. का? कारण सांगितलं असतं तर मग काहीतरी करावं लागलं असतं. आणि कारण मला कुठेतरी लाज वाटत होती. जणू मी चोरून श्रीखंड खाताना सापडले होते.

ही लाज काढून टाकल्याशिवाय काही होणार नाही, असं माझं मत झालंय. आपण मधुमेह हा दोष समजतो. 'गोड खाल्लंस म्हणून झालं.' ज्या लहान मुलांना इन्सुलिनच तयार न होणारा मधुमेह होतो त्यांच्या आयांनाही हेच ऐकवतो, जिथे गोडाचा काही संबंधच नसतो. दोष म्हटलं की माणूस तो लपवणार, कमी करून सांगणार. 'थोडीशी' हे त्या लाजेचं पांघरूण आहे. जो शब्द आपल्याला वाटतं धीर देतो, तो प्रत्यक्षात फक्त वेळ खातो.

शेवटी सप्टेंबरमध्ये गेले डॉक्टरांकडे. गोळी सुरू आहे, संध्याकाळचं चालणं सुरू आहे, भाताची वाटी अर्धी झालीय आणि कुकर नवरा लावतो. (शिट्ट्या मोजायला अजून चुकतो. असो.) आकडा आता ६.२ आहे. मी बरी झालेले नाही. माझी साखर आटोक्यात आहे आणि मी गोळी घेते. ही दोन्ही वाक्यं एकत्रच म्हणायची सवय करतेय.

तेव्हा घरच्यांनो आणि इथे नेहमी येणाऱ्यांनो, माझं मागणं फार मोठं नाही.

'थोडीशी' म्हणू नका. आकडा सांगा. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने एकदा उपाशीपोटी रक्त द्या, घरात कुणाला असेल तर नक्कीच. ज्यांना आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी : डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्या, कारण दिसायला कमी होतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लघवीतलं प्रथिन तपासा, कारण रक्तातला क्रिएटिनिन बिघडतो तो फार नंतर. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आणि पाय. रोज रात्री झोपताना तळपाय बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा, दिसत नसेल तर नातवाला दाखवा. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. देवीला अनवाणी पायच हवेत असं मला वाटत नाही, पण वाटत असेल त्यांनी तिला यंदा वेगळं काही कबूल करा.

आणि कुणी पानावर हात आडवा धरला तर तो हात धरू द्या. आग्रह करण्यात प्रेम असतं हे मला कळतं. मग ते प्रेम त्या काकूंना उद्या तपासणीला सोबत नेण्यात दाखवा.

राहता राहिल्या पंगतीतल्या त्या मोठ्या बाई. तुम्ही हे वाचता, मला माहीत आहे. मी तुमच्यावर रागावले होते, आता तेवढी नाही. तुम्हीही गेली दोन वर्षं 'थोडीशी'च म्हणता, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः अनवाणी होतात.

येत्या रविवारी मावशीकडे जातेय. या माझ्याबरोबर. ती पाय दाखवेल, मी दाखवीन, तुम्हीही दाखवा.